खंडेनवमीचं बदक

ये गं, इकडे ये. टेबलापलीकडे अशी पाहुण्यासारखी बसू नकोस. खुर्ची ओढ आणि माझ्या उजव्या हाताला बस, डाव्या कानानं मला हल्ली कमी ऐकू येतं. आणि तो फोन आधी पालथा घाल. म्युनिकहून साल्झबुर्गला जायला तुला सवड होते, प्रागला जायला होते, कुठल्याशा डोंगरात जाऊन गायींच्या गळ्यात हात टाकून फोटो काढायला होते. मावशीकडे यायचं म्हटलं की मात्र रुळांचं काम निघतं, गाडी चुकते, तुला सर्दी होते. इतकी वर्षं या देशात काढली मी, रुळांचं काम कधी असतं आणि कधी नसतं एवढं मलाही कळतं. रागावले नाहीये. म्हणजे रागावलेय, पण ते तू जेवल्यावर बघू.

तुझं नाव मी या पत्रात लिहीत नाही. कागद कुणाच्याही हाती पडतो. वाचशील तेव्हा तुझं तुला कळेल.

सकाळपासून बसून लिहीन म्हणतेय आणि बूड टेकत नाहीये. ऑक्टोबर लागला की आमच्या या गावाला एक वास येतो. ब्राउनश्वाइगहून बस शेतांमधून येते ना, त्या शेतांतलं बीट उपटून आता रस्त्याच्या कडेला रचून ठेवलंय, घराएवढे ढीग. ओल्या मातीचा, गोडसर, थोडा कुजका असा तो वास. मक्याची ताटं कापून झालीत, नुसते खुंट उरलेत, आणि सांडलेले दाणे टिपायला बदकं उतरतात. बदकं उतरली की मागोमाग तळ्याच्या बाजूनं बार. ठो. मग मोठी शांतता. मग पुन्हा ठो. मी उठते, खिडकी लावते. कोंडल्यासारखं होतं, पुन्हा उघडते.

"अगं, एक काय ते ठरव," सोफ्यावरून हे म्हणतात.

यांना काय, मांडीवर पेपर आहे. मी फोन बघते. तुला पाठवलेल्या मेसेजला निळ्या खुणा आहेत, उत्तर नाही. पुन्हा खिडकी.

गेल्या आठवड्यात तू फोनवर रडलीस. कंपनीनं कुंडिगुंग, कामावरून काढल्याची चिठ्ठी, हातात दिली म्हणालीस. आता इथे राहण्याच्या कार्डावरची मुदत, आउसलेंडरअम्टची, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीची अपॉइंटमेंट, घराचं भाडं, सगळं एका दमात बोललीस, आणि शेवटी म्हणालीस, आईला सांगू नकोस, नोकरी मिळाली की मीच सांगेन. नाही सांगितलं. आणि दुसऱ्याच दिवशी तुझा फोटो आला. हातात तिथल्या बिअरच्या जत्रेतल्यासारखा भला मोठा काचेचा मग, डोक्यावर कुणाची तरी पिसाची टोपी, आणि खाली लिहिलंस, ऑल गुड मावशी. तो फोटो तू तुझ्या आईलाही पाठवलास, कारण तिनं तो लगेच मला पाठवला. "पोरगी मजेत आहे गं, बघ." तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस, आणि मी या घरात पिंजऱ्यातल्यासारखी फिरतेय.

तो फोटो बघितला आणि मला ते बदक आठवलं. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही नाही.

आमच्या कुंपणापलीकडे ओटो राहतात. बाग त्यांची, सफरचंदं आमच्या अंगणात पडतात, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही. शेतकरी माणूस. आता शेती दुसऱ्याला कसायला दिलीय, पण गावाबाहेरच्या तळ्यावर शिकारीचा हक्क त्यांच्याकडे आहे आणि परवाना आहे, बेला नावाची दाढीवाली कुत्री आहे. मी त्यांना ओटोभाऊजी म्हणते. भाऊजी म्हणजे काय ते एकदा समजावून सांगितलं, तेव्हापासून कुणी नुसतं ओटो म्हटलं की त्यांना उघडं उघडं वाटतं म्हणे.

तर या ओटोभाऊजींचं एक बदक आहे. दिसायला जत्रेतल्या खेळण्यासारखं. प्लॅस्टिकचं अंग, हिरवी मान, पिवळी चोच. पोटात बारकी मोटार आणि बॅटरी. खाली लोखंडी सळई, ती तळ्याच्या उथळ चिखलात रोवली की बदक पाण्याच्या वर हातभर अधांतरी उभं राहतं. दोन बाजूंना दोन पातळ पंख, एका अंगानं काळपट, दुसऱ्या अंगानं पांढरे. खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं की ते गरागरा फिरायला लागतात. जवळून बघशील तर टेबलफॅनपेक्षा वेगळं काही नाही. पण उंचावरून बघणाऱ्याला काळं-पांढरं, काळं-पांढरं अशी उघडझाप दिसते, आणि त्याला वाटतं, आपल्यातलंच कुणीतरी पंख फडफडवत खाली उतरतंय. आजूबाजूला साधी खोटी बदकं दोरीला दगड बांधून सोडलेली असतात, ती नुसतीच तरंगतात. बोलावण्याचं काम हे एकटं करतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट, मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला फक्त एवढं दिसत होतं की त्या शरदात आमचे हे बदललेत.

हे तेव्हा गाड्यांचे भाग करणाऱ्या एका कंपनीत होते. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी यायचे. त्यात काही बदल नव्हता. पण यायचे तेव्हा गाल लाल. ऑफिसातून येणारा माणूस पांढुरका असतो गं, दिवसभर ट्यूबलाइटखाली बसलेला. हे वाऱ्यातून आल्यासारखे यायचे. पँटच्या घोट्याला चिखल.

"अहो, हा चिखल कुठला?"

"पार्किंग लांब मिळालं."

"पार्किंगमध्ये शेवाळ असतं?"

"तुला काय, सगळीकडे शेवाळच दिसतं."

जेवताना भात चिवडत बसायचे. टीव्ही लावायचे, बंद करायचे. घरात चालणारी प्रत्येक वस्तू उघडून बघायचा सपाटा लावला होता. मिक्सर उघडला, माझा हेअर ड्रायर उघडला, दारावरची बेल उघडली, आणि तिच्यातून भलताच आवाज यायला लागला. मी म्हटलं, वय झालं, होतं असं पुरुषांचं. आपण बायका ना, सोपं उत्तर सापडलं की तेच उशाशी घेऊन झोपतो. पण मला झोप कुठे होती? तांदूळ निवडता निवडता हात थांबायचा.

मग खंडेनवमी आली.

तू लहानपणी बघितलंयस, आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं पूजतात. चिपळूणला तुझे आजोबा कोयता, पहार, करवत ओळीनं मांडायचे. इथे आमच्याकडे कसली पहार? पण रीत सोडली नाही मी. विळी, कात्री, माझं शिवणयंत्र, यांचे पाने-पकडी, आणि सगळ्यांच्या मधे यांचा ऑफिसचा लॅपटॉप आणि गळ्यातलं कंपनीचं कार्ड. दरवर्षी. ज्याच्यावर घर चालतं ते अवजार, मग ते कसं का दिसेना. एकदा कुंकू कीबोर्डात गेलं तर कंपनीतल्या मुलानं यांना विचारलं होतं, पिझ्झा खात होतात का. तेव्हापासून लॅपटॉपवर फडकं घालून वरूनच हळदीकुंकू वाहते.

त्या संध्याकाळी मी पाट मांडला, गॅलरीतली झेंडूची फुलं खुडून आणली.

"अहो, लॅपटॉप द्या."

"राहिला ऑफिसात."

"आज? खंडेनवमीला?"

"अगं, त्याचं अपडेट चालू आहे."

"बरं, कार्ड तरी द्या."

"तेही तिथंच."

आणि माझ्या तोंडाकडे न बघता तळघरात गेले, हत्यारांची पेटी घेऊन आले, आणि पेटीबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. उलगडलं तर बदक. चिखलानं माखलेलं.

"हे काय?"

"ओटोचं आहे. मोटार अडकते, बघायला दिलंय. अवजारच की तेही. घे ते मध्ये."

पाटाच्या मधोमध रिकामी जागा मला बघवत नव्हती, म्हणून घेतलं. आणि एकदा घेतलं म्हणजे मग नीटच करायला हवं ना? भांड्याच्या साबणानं घासलं, लिंबू चोळलं, पार लख्ख केलं. पंख पुसले आणि दोन्ही अंगांना खोबरेल तेलाचा हात दिला, शिवणयंत्राला देते तसा. पंख जिथं बसतात तिथं कुरकुर होत होती, तिथंही चांगलं सढळ हातानं तेल सोडलं. कपाळाला कुंकू, पांढऱ्या पंखांवर हळदीची बोटं, गळ्यात झेंडू. खरं सांगते, इतकं गोड दिसत होतं ते ध्यान की मी फोटो काढून तुझ्या आईला पाठवला.

तिचं लगेच उत्तर. "भावोजींचं नवीन प्रोजेक्ट का गं?"

मी लिहिलं, "हो. मोठं प्रोजेक्ट आहे."

का लिहिलं तसं? कुणी सांगितलं होतं मला? हात आपोआप लिहून गेला. हे बाजूला उभे होते, त्यांनी वाचलं, आणि फुलांच्या देठांचा कचरा गोळा करायला लागले. घरातला कचरा या माणसानं आपणहून कधी उचलला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी हे अंधार असतानाच निघाले. शर्ट इस्त्रीचा. डब्यात मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी भरली. मीटिंग लवकर आहे म्हणाले. बदक काखेत होतं, म्हणाले, जाता जाता ओटोच्या दारात ठेवतो. मी श्रीखंड घोटत बसले. चक्का इथे मिळत नाही, क्वार्क फडक्यात टांगून करते, तुला ठाऊकच आहे. घोटताना सारखा तोच विचार, अपडेट एवढं दोन दोन दिवस चालतं का?

उन्हं वर आली तेव्हा बेल वाजली, ती भलत्या आवाजाची. दार उघडलं तर ओटोभाऊजी. हातात बदक.

"फ्राउ सावंत! तुमचा नवरा सांगतो हे धर्माचं काम आहे, म्हणून मी रागावत नाही. पण माझ्या बदकाला तुम्ही काय खाऊ घातलंत?"

मी बघितलं आणि मला हसूच फुटलं. आपलं खोबरेल गं! इथल्या ऑक्टोबरात पहाटेच्या थंडीत ते राहील का पातळ? थिजून तुपासारखं पांढरं झालेलं. पंख अडकलेले, एक वर आणि एक खाली, जसं काही बदक एक हात वर करून म्हणतंय, थांबा, पुढे रस्ता बंद आहे. कुंकवाचा ओघळ चोचीवर.

"सगळी आली," ओटोभाऊजी सांगत होते, "चांगला मोठा थवा होता. वरून एक फेरी मारली, दुसरी मारली. हे असं चकाकतंय, मोटार नुसती कण्हतेय. बघितलं आणि गेली. फ्राउ सावंत, जन्मात पहिल्यांदा मी बदकांना हसताना ऐकलं."

मी हसत होते आणि हसता हसता त्यांच्या खांद्यावरून मागे बघितलं. फाटकाशी हे उभे होते. वर इस्त्रीचा शर्ट, खाली ढोपरापर्यंत हिरवे रबरी बूट. आणि ती बेला कुत्री यांच्या पायाला रेलून बसलेली. कुत्रं असं एका दिवसात नाही रेलत गं कुणाला.

ओटोभाऊजींना काय माहीत? ते आपले चालूच. "आता याला वेळ आहे म्हणून बरं, उन्हाळ्यापासून रोज येतो, नाहीतर माझी मोटार कोण..." आणि मग त्यांनी माझं तोंड बघितलं. "आल्झो," म्हणाले, म्हणजे 'अस्सं होय'. खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागले, त्या बुटाला नाडी नव्हती तरी.

मी म्हटलं, "आत या दोघं. बूट बाहेर."

बदक मी हिटरवर ठेवलं, उलटं, पंख खाली करून. चहा टाकला. थोड्या वेळानं तेल वितळायला लागलं आणि घरभर खोबरेलाचा वास सुटला, न्हाऊन बसलेल्या बाईच्या केसांसारखा. त्या वासात मी विचारलं.

"कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. आमचा विभागच बंद केला."

"मला का नाही सांगितलंत?"

"आज काही मिळेल, उद्या मिळेल, मग एकदमच सांगू म्हटलं. मग सांगायचं राहिलं, आणि मग..." हे कपाच्या कानाशी चाळा करत होते. "मग हेच अवघड झालं की इतके दिवस का नाही सांगितलं."

"आणि डबा?"

"तळ्यावर खायचो."

"थंड?"

"हो, मग काय तिथं मायक्रोवेव्ह आहे?"

बाळा, नोकरी गेली हे ऐकून मला रडू नाही आलं. ती काय, येते आणि जाते. पण हा माणूस पावसापाण्यात एका लाकडी पेटीवर बसून गार पोळी खात होता आणि संध्याकाळी येऊन मला सांगत होता, आज कॅन्टीनमध्ये फार गर्दी होती. कॅन्टीनमधली गर्दी त्यानं मनात तयार केली रोज, कोण काय बोललं ते तयार केलं, माझ्यासाठी. ते मला सोसेना. मी रडले, भांडले, पुन्हा रडले. ओटोभाऊजी मधे बसून, एक अक्षर कळत नसताना, माझं बोलणं झालं की म्हणायचे, "या, या," म्हणजे हो, हो, आणि यांचं झालं की म्हणायचे, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. दोन्ही बाजूंचे वकील एकच. शेवटी तिघंही श्रीखंड खायला बसलो, कारण दसरा होता आणि पुऱ्या गार होत होत्या.

थांब हं, पुन्हा बार झाला. बघून येते, फोनही बघून येते.

काही नाही.

तर त्यानंतर हे सकाळी निघाले की मीही निघायला लागले. म्हटलं, खायचंच तळ्यावर तर थर्मासमध्ये गरम आमटी तरी असू दे. असा आमचा संसार आला त्या बोरूच्या आडोशात. तू हसशील. तीन म्हातारी माणसं आणि एक कुत्री, गुडघ्यात मान घालून बसलेली. वर बघायचं नाही, हा पहिला नियम. माणसाचं तोंड बदकांना लांबून चमकताना दिसतं म्हणे. पाणी काळं, त्यावर धुकं सरकत असायचं, पायाच्या बोटांची जाणीव जायची. आणि समोर ते बदक, आता तेल काढून, पंखांवर पुन्हा फिका रंग देऊन मळकट केलेलं. त्यानं चकाकायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं. खोटंसुद्धा बेताचंच हवं, नाहीतर ओळखू येतं.

रिमोट यांच्याकडे असायचा. थवा लांब असताना बटण दाबायचं, जवळ आला की बंद करायचं, कारण जवळून त्यांना कळतं हा पंख नाही. हे नेमके बंद करायचं विसरायचे. थवा खाली खाली यायचा, पाय पुढे काढायचा, आणि अगदी शेवटच्या क्षणी सगळा उलटून वर. ओटोभाऊजी बंदूक खाली करून म्हणायचे, "तुझा अंगठा शाकाहारी आहे." आणि हा माणूस घरी मटणाची नळी चोखून खाणारा! मला तो अंगठा दिसायचा, बटणावर टेकलेला, पण न दाबणारा.

पण कधीकधी तो वेळेवर दाबला जायचा. मग मी डोळे मिटायची, आणि तरी ऐकू यायचंच. बेला पाण्यात उडी घ्यायची. हे दोघं उठायचे, मी बसून राहायची.

ओटोभाऊजी वाईट माणूस नाहीत हं. संध्याकाळी मारलेले पक्षी स्प्रूसच्या डहाळ्यांवर ओळीनं ठेवतात, सगळ्यांची डोकी एका दिशेला, पिसं बोटांनी सारखी करतात. टोपी काढतात आणि पितळेचं छोटं शिंग फुंकतात. त्यांच्या बाबांनी शिकवलेलं. मी पाटावर अवजारं मांडते तशी ती ओळ दिसायची. मला तिथे हात जोडावेत की तिथून पळून जावं, तेच कळायचं नाही. दोन्ही वाटायचं. त्यांनी दिलेलं बदक मी मालवणी मसाल्यात केलं, ओटोभाऊजी घाम पुसत दोनदा वाढून घेऊन जेवले. यांनी नुसता रस्सा घेतला.

एका सकाळी मी त्यांना विचारलं, "ती येतात तरी का? दाणे इथे नाहीत, पाणी तर सगळीकडे आहे."

ते म्हणाले, "दाण्यांसाठी नाही येत. दुसरं कुणी उतरताना दिसलं की येतात. त्यांना वाटतं, तो उतरला म्हणजे जागा सुखाची आहे."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. पुढे वसंतात यांना एका छोट्या कारखान्यात अर्धा दिवस काम मिळालं, लॅपटॉप पुन्हा पाटावर आला, सगळं रुळावर आलं. ते वाक्य तसंच राहिलं. भाजी चिरताना आठवतं, बसमध्ये आठवतं. आम्ही या देशात आलो त्याच्या आधी यांच्या मित्राचा इथून एक फोटो आला होता, बर्फात लाल कोट घालून उभा. आम्ही उतरलो. मग मी फोटो पाठवायला लागले. सफरचंदांनी वाकलेलं झाड, ख्रिसमसचा बाजार, गॅलरीतला झेंडू. त्यातलं काही खोटं नव्हतं. सफरचंदं खरीच होती. पण जो फोटो काढला नाही त्यात रबरी बूट होते, गार डबा होता, पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारला अंधार झाला म्हणून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिले होते, ते होतं. आणि तू चिपळूणला बसून ते फोटो बघत होतीस. तू मला स्वतः सांगितलंस, मावशी, तुझं अंगण बघून मी जर्मन शिकायला लागले.

म्हणून मला चैन पडत नाही. तुला वरून काय दिसलं, आणि खाली काय होतं.

आता तू पिसाची टोपी घालून फोटो पाठवतेस, आणि तुझी मामेबहीण पुण्यात बसून तो बघते आणि विचारते, तिकडे यायला काय काय लागतं? अगं, विचारलं तिनं मला, कालच. मी काय सांगू तिला?

ओटोभाऊजी सांगायचे, कोवळी बदकं भुलतात, जुनी भुलत नाहीत. जुनी वरून फेऱ्या मारत राहतात, त्यांना कळतं खाली काहीतरी बरोबर नाही. गेला आठवडाभर मी तेच करतेय तुझ्या फोटोभोवती. मोठा करून बघितला. तुझे डोळे सुजलेत. मागे खिडकीत तुझ्या खोलीतला तोच पडदा आहे, म्हणजे तू कुठे जत्रेत वगैरे गेली नव्हतीस, खोलीतच टोपी घालून उभी होतीस. एकटीनं. तो मग रिकामा आहे बाळा. फोटो काढण्यासाठी रिकामा मग हातात धरून हसलीस तू.

सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतेस का तूसुद्धा? कुठे जाऊन बसतेस? लायब्ररीत? एस-बानच्या लोकल गाडीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत?

हे आत्ता माझ्या मागे येऊन उभे राहिलेत. चष्मा वर करून वाचताहेत. मी म्हटलं, अहो, वाचू नका, तुमचंच लिहिलंय सगळं. वाचून झाल्यावर चष्मा काढून पुसला. मला वाटलं चिडले. मग म्हणाले, "तिला लिही, सांगायला सोपा असा दिवस येत नाही. मी वाट बघितली होती, नाही आला." आणि दाराकडे वळत, "आणि लिही, ब्राउनश्वाइगच्या स्टेशनवर मी येतो. काही विचारणार नाही." ते खरंच विचारणार नाहीत. विचारणारी मी आहे, पण अंघोळ करून जेवशील तोवर कळ काढीन, शब्द देते.

नोकरी मिळाल्यावर येते, असं म्हणू नकोस. मिळेल तेव्हा पुन्हा ये, तेव्हा पेढे आण. आत्ता काही न आणता ये. हसायचं नसेल तर हसू नकोस, केस विंचरले नसतील तर तसेच येऊ देत. वरच्या खोलीतली गादी घातलीय. अर्ज-बिर्ज काय करायचे ते काका आणि तू बसून करा, मला त्यातलं कळत नाही, मी नुसती आसपास असेन.

आणि तुझ्या आईला आपण इथून फोन लावू. बोलायचं तू, मी शेजारी बसून राहीन. ती आधी मला ओरडेल, तुला माहीत होतं आणि सांगितलं नाहीस म्हणून, तुला काहीच बोलणार नाही. ओरडू दे. धाकटी बहीण आहे माझी, तिचं ओरडणं मी तिच्या जन्मापासून ऐकत आलेय. मग नाक ओढून विचारेल, जेवलीस का? तेव्हा तिला खरं उत्तर देता यावं, एवढ्यासाठी तरी ये गं. या शनिवारीच ये.